'लावणे' आणि 'लागणे' : आईच्या व्यसनाची मराठी परिभाषा

१

मराठीत व्यसनावर लेखन पुष्कळ झाले आहे. व्यसनी स्त्रीवरील लेखन त्या मानाने थोडे, आणि घरी राहून मुले वाढविणाऱ्या आईच्या व्यसनावरील लेखन तर शोधूनच काढावे लागते. या अभावाचे एक सरळ स्पष्टीकरण असे दिले जाईल की, जे समाजात नाही ते साहित्यात कोठून यावे? परंतु हे स्पष्टीकरण टिकत नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी मुंबई शहरात मतदारयादीच्या आधारे पस्तीस वर्षांवरील जवळजवळ एक लक्ष स्त्रीपुरुषांची पाहणी करण्यात आली. तीत निम्म्याहून अधिक स्त्रिया, म्हणजे शेकडा ५७.५, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करणाऱ्या आढळल्या, आणि हे सेवन जवळजवळ सर्वस्वी धूम्रविरहित, मुख्यतः मिश्रीच्या रूपाने होणारे होते. तेव्हा वस्तुस्थितीचा अभाव नाही. अभाव आहे तो तिला 'व्यसन' म्हणून ओळखणाऱ्या दृष्टीचा. या दृष्टीच्या अभावास आपल्या भाषेची घडण आणि आपल्या व्यसनविषयक साहित्याची घडण कितपत कारणीभूत आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विचारासाठी माझगाव व त्यालगतचा मुंबईचा कामकरी भाग समोर ठेवला आहे. ही निवड यदृच्छेने झालेली नाही. मादक द्रव्याचा व्यापार आणि मादक द्रव्याचा घरगुती वापर या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या फार जवळ नांदल्या. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई. हा व्यापार १९१३ च्या सुमारास संपुष्टात आला. ही अफू वाहून नेणाऱ्या कंपन्यांपैकी पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांची दुरुस्ती माझगावच्या गोदीत होई. माझगावच्या शिवेवर १८४५ साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीने उभे राहिले, त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीत कापसाच्या जोडीने अफूच्या व्यापाराचा वाटा होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. पुढे प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने ताडवाडीसारख्या चाळी उभ्या केल्या आणि कोकणातून व घाटावरून आलेली कुटुंबे एकेका खोलीत राहू लागली. त्या खोल्यांतून जी मराठी बोलली गेली, तिच्यातील काही क्रियापदे हा या विवेचनाचा मुख्य आधार आहे.

२

प्रथम 'व्यसन' हा शब्दच पाहावा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ दूर फेकले जाणे, त्यावरून संकट, आणि त्यावरून मनुष्यास संकटात लोटणारी आसक्ती असा विस्तारत गेला आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची व्यसने मोजली आहेत. त्यांत मृगया आहे, द्यूत आहे, मद आहे. आणि त्याच यादीत 'स्त्री'ही आहे. ही गोष्ट सहसा नीतिविचाराच्या अंगाने चर्चिली जाते. तिचे व्याकरण मात्र अधिक बोलके आहे. व्यसनाचा कर्ता पुरुष, तोही राजा. आणि स्त्री ही व्यसनाच्या विषयांपैकी एक. ज्या संकल्पनेत स्त्रीचे स्थान कर्मस्थानी निश्चित झाले आहे, तिच्यात तिला कर्त्याच्या जागी बसविणे भाषेला अवघड जावे, यात नवल नाही.

मराठीने हा वारसा कर्तृवाचक नामांत चालू ठेवला. दारूडा, बेवडा, गंजेकस, अफूबाज, आणि १९८० नंतरच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर पसरल्यावर रूढ झालेला 'गर्दुल्ला' हे सर्व शब्द पुरुषवाचक म्हणून घडले आणि पुरुषवाचक म्हणूनच वावरतात. त्यांची स्त्रीलिंगी रूपे व्याकरणाने करता येतात. व्यवहारात ती एक तर शिवी म्हणून येतात किंवा येतच नाहीत. मिश्रीच्या बाबतीत तर याहून विशेष गोष्ट दिसते. जी सवय इतक्या स्त्रियांना आहे, तिच्यावरून कर्तृवाचक नाम असे काही रूढच झालेले नाही. दारू पिणाऱ्याला भाषेने नाव दिले. मिश्री लावणाऱ्या बाईला नाव नाही. ती फक्त 'मिश्री लावते'.

३

येथे क्रियापदांकडे वळावे लागते. मादक द्रव्यांच्या सेवनाची मराठी क्रियापदे ठराविक आहेत: दारू पितात, विडी ओढतात, गांजाही ओढतात, तंबाखू खातात, अफू घेतात. या सर्व क्रियांत पदार्थ शरीराच्या आत जातो आणि तो आत जातो हे क्रियापदच सांगते. मिश्री मात्र 'लावतात'.

'लावणे' हे क्रियापद स्त्रीच्या दिनक्रमात ज्या शब्दांच्या सोबतीने येते ते पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते. तेल लावणे, कुंकू लावणे, हळद लावणे, काजळ लावणे, दातवण लावणे. ही सारी शरीराच्या पृष्ठभागावरची कामे आहेत. स्वच्छतेची, सौभाग्याची, शृंगाराची. मिश्री या मालिकेत जाऊन बसली. तिचे नावही तिला तेथेच नेते. मिश्री, मिसरी, मशेरी ही तिची रूपे एकाच चाळीत ऐकू येतात. आणि हिंदी-उर्दूतील 'मिस्सी' या दातांना लावावयाच्या काळ्या पुडीशी त्यांचे नाते जोडणे स्वाभाविक वाटते. म्हणजे नावाने ती दंतमंजन आणि क्रियापदाने ती प्रसाधन. तंबाखू हा शब्द कोठेच उच्चारला जात नाही.

वस्तुतः मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच होय. पण तिच्या तयारीची क्रियापदेही स्वयंपाकघरातीलच आहेत: भाजणे, कुटणे, चाळणे, डबीत भरून ठेवणे. शेंगदाण्यांचे कूट ज्या हातांनी होते त्याच हातांनी, बहुधा त्याच चुलीवर, मिश्री होते. तिचा ठसका सगळ्या चाळीला लागतो, तरी त्यात लपविण्यासारखे कोणास काही वाटत नाही. पुरुषाच्या व्यसनाला घराबाहेर जावे लागते. त्याला गुत्ता लागतो, पानाची गादी लागते, सोबती लागतात. हे व्यसन घरातच शिजते, मोरीशेजारी बसून घेतले जाते आणि चूळ भरून संपते. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री निजण्यापूर्वी एकदा असे दात दिवसातून चार वेळा स्वच्छ होऊ लागले, तरी 'दात घासणे' हे वर्णन बदलत नाही. भाषेने एकदा दिलेले वर्गीकरण वस्तुस्थिती पालटल्यावरही टिकून राहते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मिळणे कठीण.

४

तथापि भाषा केवळ झाकते असे म्हणणे एकांगी होईल. जी गोष्ट तिने एका रूपात झाकली तीच दुसऱ्या रूपात उघड केली आहे. 'लावणे' हे 'लागणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. दोहोंच्या मुळाशी संस्कृत 'लग्' धातू आहे. 'लागणे' या क्रियापदाचा मराठीतील एक महत्त्वाचा प्रयोग चतुर्थ्यंत अनुभविणाऱ्याचा आहे: मला भूक लागते, मला तहान लागते, मला चहा लागतो. या प्रयोगात 'मी' कर्ता नसतो. ज्याच्यावर गोष्ट ओढवते तो असतो. 'नाद लागणे', 'चटक लागणे', 'व्यसन लागणे' हेही याच घडणीचे प्रयोग आहेत.

आता 'मी मिश्री लावते' आणि 'मला मिश्री लागते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावी. पहिल्यात स्त्री करणारी आहे. मिश्री हे तिच्या हातातील साधन आहे. दुसऱ्यात मिश्री व्याकरणदृष्ट्या कर्त्याच्या जागी आली असून स्त्री 'ला' प्रत्यय घेऊन बाजूला झाली आहे. वैद्यकशास्त्र ज्याला पदार्थावरील अवलंबित्व म्हणते ते नेमके हेच स्थानांतर होय. दारूच्या बाबतीत हा बदल कानाला जाणवतो, कारण तेथे धातूच बदलतो: 'तो दारू पितो' आणि 'त्याला दारू लागते' यांत इतके अंतर आहे की दुसरे वाक्य उच्चारताच ऐकणारा सावध होतो. मिश्रीच्या बाबतीत धातू तोच राहतो. 'लावते'चे 'लागते' होताना एक व्यंजन तेवढे पालटते. सवयीचे व्यसन होण्याचा क्षण जसा त्या स्त्रीच्या लक्षात येत नाही, तसाच तो भाषेतही निसटतो. पण निसटतो म्हणजे नसतो असे नव्हे. 'सकाळी मिश्री लागतेच, त्याशिवाय पोट साफ होत नाही', हे वाक्य या भागात कोणीही सहज बोलते. त्यातील 'लागतेच' हा निदानाचा शब्द आहे. कमी आहे ती हे निदान ऐकू येणाऱ्या कानांची.

५

याच भागात आईच्या हातून घडणारा मादक द्रव्याचा दुसरा वापर एके काळी सार्वत्रिक होता, तो म्हणजे बाळगोळीचा. बाळगोळीत अफू असे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबई सरकारच्या वतीने केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतील एक आकडा पुढे देशाबाहेरही गाजला: गिरणीकामगार स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू देण्यात येई. त्याच वर्षीच्या सुधारित फॅक्टरी कायद्याने कामाचे तास कमी केले, तेही आठवड्यास साठपर्यंत. अशा स्थितीत तान्हे मूल दिवसभर निजून राहील अशी सोय करणे यात क्रौर्य नव्हते. उपाय नव्हता.

या वस्तूचे नाव कसे बनले आहे पाहा. 'बाळ' हे पूर्वपद ज्या समासांत येते ते सारे वात्सल्याचे समास आहेत: बाळलेणे, बाळगुटी, बाळकडू. त्यांपैकी बाळगुटी ही वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा यांचे सहाणेवर उगाळलेले चाटण होय. 'गुटी' म्हणजे संस्कृत 'गुटिका', म्हणजे गोळीच. अर्थाच्या दृष्टीने बाळगुटी आणि बाळगोळी हे एकच शब्द. वस्तूंच्या दृष्टीने एक औषध, दुसरी मादक द्रव्य. 'बाळकडू'ला पुढे लाक्षणिक अर्थ लाभला. देशभक्तीचे, संस्कारांचे बाळकडू पाजले जाऊ लागले. 'बाळगोळी'ला असा कोणताही लाक्षणिक अर्थ मिळाला नाही. क्रियापदे मात्र दोहोंची तीच: देणे, चाटविणे, पाजणे. पोषणाच्या क्रियापदांनी गुंगी पोटात गेली.

येथे एक अनुमान मांडण्यासारखे आहे. कार्ल मार्क्सने १८४४ साली धर्माला लोकांची अफू म्हटले. मराठीत हे वचन रूढ झाले ते 'धर्म ही अफूची गोळी' अशा रूपात. मूळ वचनात गोळी नाही. मराठी जिभेला ती जोडाविशी वाटली, याचे एक कारण अफू आणि गोळी यांचा आपल्याकडील घरगुती संबंध हे असू शकेल. हे अनुमान खरे असल्यास कामगारवस्तीतील सभांतून ज्या रूपकाने श्रोत्यांना जागे करण्याचा यत्न झाला, त्या रूपकातील वस्तू श्रोत्यांच्या घरातील फडताळात होती, आणि रूपक म्हणून ती जितकी बोलली गेली तितकी वस्तू म्हणून बोलली गेली नाही, असे म्हणावे लागेल.

बाळगोळी पुढे मागे पडली. १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या प्रसूतिसाह्य कायद्याने तिच्या कारणांपैकी एकाला हात घातला. या विधेयकास १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला होता. परळ येथे १९२६ व १९२९ साली अनुक्रमे वाडिया प्रसूतिगृह व वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ही संख्या तीसवर आणली गेली. औषधाव्यतिरिक्त अफूसेवन १९५९ पासून देशभर बंद करण्यात आले. पण या काळात गिरण्यांतील स्त्रियांची संख्या झपाट्याने घटत गेली आणि त्या घरी परतल्या. खाणावळी चालवू लागल्या, घरी बसून मिळेल ते काम करू लागल्या. पाळणाघराचा कायदा पूर्णत्वास येत असता पाळणाघर मागणारी बाई कारखान्यातून बाहेर पडली होती. घरात तिच्यावर देखरेख ठेवणारा कायदा नव्हता, आणि तिच्या डबीतील मिश्रीवर कोणाचाच आक्षेप नव्हता.

६

साहित्याकडे वळले असता प्रथम 'एकच प्याला'चा विचार करणे अपरिहार्य ठरते. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले आणि व्यसनाविषयीच्या मराठी कल्पनाशक्तीला त्याने कायमचे वळण लावले. या नाटकात व्यसनी पुरुषाला सर्व काही मिळाले आहे. सुधाकराला शोकनायकाची उंची मिळाली आहे, तळीरामाला विनोद मिळाला आहे, आणि आर्यमदिरामंडळाच्या रूपाने व्यसनाला एक सभास्थान व वक्तृत्वही मिळाले आहे. स्त्रीला मिळाले आहे ते सहन करणे. सिंधू दळण दळते, मूल गमावते आणि शेवटपर्यंत पतीला दोष लागू देत नाही. व्यसनाच्या कथेत आई ही व्यसनाचा परिणाम मोजण्याचे माप झाली. ती जितकी निष्कलंक, तितका पुरुषाचा अपराध मोठा. अशा रचनेत आईला स्वतःची सवय असू शकते, ही शक्यताच उरत नाही. सिंधूच्या कनवटीला मिश्रीची डबी असती तर नाटक कोसळले असते.

हा गडकऱ्यांवर आक्षेप नव्हे. नाटककाराने कोणते नाटक लिहावे हे समीक्षकाने सांगावयाचे नसते. आक्षेप आहे तो या नाटकाचा साचा सर्व व्यसनांना लावणाऱ्या पुढील विचारपद्धतीवर. 'एकच प्याला' हे शीर्षकच एक सिद्धान्त मांडते: व्यसनाला प्रारंभ असतो, तो प्रारंभ म्हणजे एक कृती असते आणि तेथून पतन सुरू होते. मिश्रीला असा पहिला प्याला नाही. मुलगी ती आईच्या बोटावरून शिकते. दात दुखला म्हणून, किंवा आई लावते म्हणून. तिच्यात मोह नाही, दुष्ट मित्र नाही, प्रतिज्ञाभंग नाही, म्हणून तिच्यात कथानकही नाही. पतनाची कल्पना ज्या व्यसनाला लागू पडत नाही ते व्यसन पतनाच्या साहित्याला दिसत नाही. गिरणगावातील पुढच्या पिढ्यांच्या वास्तववादी लेखनाने चाळ, मोरी, नळ, गुत्ता यांना साहित्यात आणले. त्या लेखनातही मिश्री येते तेव्हा ती बहुधा पात्राच्या वर्णनातील एक खूण म्हणून येते, लुगड्याच्या रंगासारखी. पात्राच्या अंतरंगात तिला प्रवेश नाही.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्तिकेंद्र सुरू केले, आणि अवचटांच्या लेखनाने व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची भाषा मराठीत रुजविली. पुढे त्या संस्थेला 'निशिगंध' हा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग काढावा लागला, ही घटना भाषेच्या अभ्यासकानेही ध्यानात घेण्याजोगी आहे. आजाराची परिभाषा सर्वांसाठी असली तरी ती वापरता येण्यासाठी स्त्रीला वेगळी जागा लागली.

७

या सर्व विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, व्यसनाचे कारण दारिद्र्य आणि श्रम हे आहे. शब्दांची चिकित्सा करून काय साधणार? यातील पूर्वार्ध मान्य करण्यास हरकत नाही. शब्द व्यसन निर्माण करीत नाहीत. परंतु कोणती गोष्ट मोजली जावी आणि कोणती न मोजली जावी, हे शब्द ठरवितात. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा १७ स्त्रिया धूम्रविरहित तंबाखू, प्रामुख्याने मिश्री, वापरीत होत्या. त्यांच्या बालकांचे जन्मवजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाणही अधिक आढळले. आता अशा स्त्रीला 'तुम्ही तंबाखू खाता का?' असे विचारले तर ती 'नाही' म्हणेल, आणि तिच्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे ते उत्तर अगदी खरे असेल. प्रश्नातील क्रियापद चुकले की १०५ ग्रॅम नोंदीतून गळून जातात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या सवयीला 'व्यसन' हे नाव दिल्याने आधीच पिचलेल्या आईच्या माथी आणखी एक दोष मारला जाणार नाही काय? अज्ञानी आई हे उत्तर बाळगोळीच्या प्रश्नावर देणे सोपे होते. गिरणीचे तास आणि एक खोली यांच्याविषयी बोलणे अवघड होते. ही भीती खरी आहे, आणि 'व्यसनी' हे विशेषण या कामी निरुपयोगी आहे, हे कबूल केले पाहिजे. ते विशेषण राजाच्या आणि दारूड्याच्या मोजमापाने शिवलेले आहे. आईच्या अंगावर ते शिक्षा होऊनच बसेल.

परंतु नाव देण्याचा दुसरा मार्ग मराठीतच उपलब्ध आहे, आणि तो त्या स्त्रीच्याच बोलण्यात आहे. 'लागणे' हे क्रियापद दोष न देता अवलंबित्व सांगते. ज्याला भूक लागते त्याला आपण अपराधी म्हणत नाही. त्याला काय हवे ते विचारतो. 'मिश्री लावता का?' या प्रश्नाने सवय कळेल. 'मिश्री लागते का, आणि न मिळाल्यास काय होते?' या प्रश्नाने व्यसन कळेल, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात आरोप येणार नाही. आरोग्यसेविकेच्या प्रश्नावलीतील क्रियापद निवडणे हे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास क्षुल्लक वाटू नये.

कोकणच्या व घाटावरच्या बोलींतून मिश्री, तपकीर, बाळगोळी यांच्याभोवतीची क्रियापदे, त्यांचे प्रयोग व ती वापरणाऱ्या स्त्रियांचे वय यांचे पद्धतशीर संकलन व्हावयास पाहिजे. बाळगोळीविषयी प्रत्यक्ष आठवणीने बोलू शकणारी पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. तिच्या तोंडचे शब्द नोंदविण्याची संधी गेली. मिश्रीच्या बाबतीत ती अद्याप गेलेली नाही.